मेन पाडायला सांगणारी अक्का

अक्का,

तू गेलीस त्याच्या सहा आठवडे आधीच आपलं बोलणं थांबलं होतं. म्हणून बातमी आली तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की हिच्याशी बोलायचं राहून गेलं. रडू नंतर आलं, घरी गेल्यावर.

फोन नानांचा होता. तुझ्या या धाकट्या भावाशी मी तोवर तुझ्याच फोनवरून, तू मध्येच माझ्या हातात फोन कोंबलास की, दोन-चार शब्द बोललेली. त्यांनी नुसतं म्हटलं, "रोहिणी, अक्का गयी." मी आपल्या जळगावच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते. कुठे गेली, असं मी विचारलं. खरंच विचारलं. नाना म्हणाले, "सकायले. धुयाले घरीच." सकाळी, धुळ्याला तुझ्या घरीच.

लोक विचारतात, तुझी कोण होती? सोबत काम करायचो, असं सांगितलं की ते मान हलवतात आणि विषय बदलतात. सात वर्षं एका बंद खोलीत समोरासमोर बसलेल्या दोन बायकांसाठी आपल्याकडे वेगळा शब्द नाही.

पहिला दिवस आठवतो. मी रावेरकडची, केळीच्या बागांत वाढलेली, हातात नवी पदवी, आणि मोबाइलच्या मोडेममध्ये, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागात, सुरक्षेचे दोष शोधायचे म्हणजे नेमकं काय करायचं याचा पत्ता नाही. तू मला कुठलं जाडजूड पुस्तक दिलं नाहीस. विचारलंस, "घराचं दार कोणी वाजवलं तर तू काय करतेस?"

"कोण आहे ते विचारते."

"आणि तो कोण हे कळायच्या आधी त्याच्याशी किती बोलतेस?"

"थोडंफार. बोलावंच लागतं."

"मोडेमचंही तसंच. समोरचा टॉवर खरा की खोटा, हे तपासण्याआधी त्याला थोडं बोलावंच लागतं. तेवढ्या बोलण्यात कोणी त्याला फसवू शकतं का, पाडू शकतं का, हे आपण बघायचं. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं."

सात वर्षांत मला त्याच्याहून सोपं समजावता आलेलं नाही. नव्या माणसांना मी तुझंच वाक्य सांगते आणि माझं म्हणून सांगते. हे तुला कधी कबूल केलं नव्हतं.

आपली ती पत्र्याने मढवलेली खोली. आत शिरून जड दार लावलं की बाहेरचा एकही टॉवर फोनला दिसत नाही, आणि आत आपण उभा केलेला खोटा टॉवर बाहेरच्या कुणाच्या फोनला त्रास देत नाही. माहितीपत्रकात तिचं नाव इंग्रजीत आणि लांबलचक. तू तिला कोठी म्हणायचीस, आणि मग साहेबही, म्हणजे आपले मालक, गिऱ्हाइकांसमोर "आमची कोठी" म्हणायला लागले. त्या कोठीत कुणाचा फोन यायचा नाही, कुणाचा निरोप यायचा नाही. यंत्रांच्या पंख्यांची घरघर, आणि तू. आपल्या गप्पा तिथे झाल्या. माझं लग्न ठरलं आणि मोडलं, तेव्हा मी घरच्यांच्या आधी तुला कोठीत सांगितलं. तू हातातलं काम थांबवलं नाहीस. म्हणालीस, "रडायचं असेल तर रड, दाराबाहेर आवाज जात नाही." आणि अर्ध्या तासाने म्हणालीस, "झालं असेल तर तो तिसरा मोडेम लाव."

दुपारी तू कळण्याची भाकरी, ठेचा आणि छोट्या बाटलीत कच्चं तेल काढायचीस. माझ्या डब्यात आईने दिलेले केळ्याचे वेफर्स. माझी आई "मले" म्हणते आणि तू "माले" म्हणायचीस, यावरून आपण किती वेळा हसलो असू. "एक काना जास्त शे आमनाकडे," असं तू म्हणायचीस. ऑफिसात तू स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचीस, पण चिडलीस किंवा खूश झालीस की अहिराणी सुरू. त्यावरून मला कळायचं, की मोडेमने काहीतरी केलंय.

तुझी वही अजून माझ्या खणात आहे. गिऱ्हाइकाला अहवाल इंग्रजीत जायचा, पण तू प्रत्येक दोष आधी वहीत मराठीत लिहायचीस. "हा मोडेम लांबी न मोजता निरोप गिळतो." "हा मोडेम अनोळखी टॉवरला स्वतःचा नंबर सांगून मोकळा होतो." मी एकदा विचारलं, हे दोनदा लिहायचं कशाला? म्हणालीस, "जे नानाला सांगता येत नाही, ते मला समजलेलंच नसतं."

आणि मग तो पंपाचा स्टार्टर आला.

ते यंत्र तुला नवीन नव्हतं, खानदेशात कुणालाच नाही. विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड, घरून मिस्ड कॉल दिला की पंप चालू, पुन्हा दिला की बंद. बनवणाऱ्या कंपनीला त्यात बाहेरून आणलेला नवा मोडेम घालायचा होता, थोडा माल बाजारात गेलाही होता, आणि कुठल्याशा मोठ्या खरेदीदाराने तपासणीचा दाखला मागितला होता. आपण पंपाच्या जागी एक बल्ब जोडला. बल्ब लागला म्हणजे पंप चालू.

दुपारची वेळ होती. तू खोट्या टॉवरवरून बिघडवलेले निरोप सोडत होतीस, आत दहा अक्षरं आणि वर लिहिलेलं दोनशे, अशा जातीचे. मोडेम अडखळला, मेला, आणि आपला आपण पुन्हा सुरू झाला. तसं तर रोजच होतं. पण त्याच क्षणी बल्ब लागला.

"रोहिणी, बल्ब तू लावलास?"

"नाही."

"मीही नाही."

दोघींचे हात मांडीवर होते. आपण बल्ब बंद केला, पुन्हा तोच निरोप सोडला. मोडेम मेला, उठला, बल्ब लागला. पुन्हा केलं. पुन्हा लागला. तू स्टार्टर उघडलास, एकेका तारेवर मीटरची सुई टेकवत गेलीस, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तुला सापडलं. मोडेम मरून उठताना फोनची रिंग सांगणाऱ्या तारेवर एक झटका यायचा. स्टार्टरला वाटायचं मिस्ड कॉल आला. म्हणजे खोटा टॉवर घेऊन कोणी बांधावर उभा राहिला तर तो आसपासचे सगळे पंप चालू करू शकत होता. आणि कोणी उभं नसलं, मोडेम स्वतःच कधी अडखळला, तरी पंप चालू होणार होता.

तुझा चेहरा उजळला होता, अक्का. सात वर्षांतला सगळ्यात नेटका शोध होता तो. तू म्हणालीस, "देख, कसा हसस तो बल्ब." मग कोठीचं दार ढकललंस आणि बाहेर जाऊन नानांना फोन लावलास. मी मागोमाग आले. फोन स्पीकरवर होता.

"नाना, तुना पंपवर स्टार्टर कोनता शे?"

त्यांनी नाव सांगितलं. तेच.

"तो कधी आपोआप चालू व्हस का?"

"व्हस ना. लाइन येस तव्हय कधी कधी व्हई जास. आम्ही म्हनतस, लाइनना खेळ शे."

"तू पंपले हात लावस तव्हय मेन पाडस का?"

नाना हसले. "मेन तठे दूर खांबावर शे. दरवखत कोन जाई?"

तू फोन ठेवलास. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू जिन्याच्या कठड्याकडे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

तुझं म्हणणं होतं, आज संध्याकाळीच गावांना सांगायचं. माझं म्हणणं होतं, आधी कंपनीला कळवायचं, तिला दुरुस्तीसाठी मुदत द्यायची, तोवर तोंड बंद ठेवायचं. या धंद्याची रीतच तशी आहे आणि तिला कारण आहे. दुरुस्ती व्हायच्या आधी दोष चव्हाट्यावर आला तर खोडसाळ माणसाला आयतं सापडतं. शिवाय आपण गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या होत्या. मी हे सगळं तुला समजावलं, तुलाच, जिने ते मला शिकवलं होतं.

तू ऐकून घेतलंस. "मी दोष सांगणार नाही," म्हणालीस. "खोटा टॉवर, रिंगची तार, काही नाही. फक्त सांगेन, पंपाला हात लावण्याआधी मेन पाडा, खांबावरचा मुख्य स्विच बंद करा. हे तर कोणीही सांगतं."

"तू सांगितलंस तर विचारतील, काबरं?"

"मंग सांगसू, सवय चांगली शे."

"आणि तिथल्या स्टार्टर विक्रेत्याच्या कानावर गेलं तर? तू कुठे काम करतेस हे गावाला माहीत आहे. दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागतो?"

"रोहिणी, तो बल्ब होता. तिथे फिरणारा पट्टा असतो, नाही तर मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग असतं. आणि वाकलेला माणूस असतो."

"आजवर कुणाला काही झालंय का?"

"आपल्याला कळलेलं नाही."

मी तुला म्हटलं, की पुरावा नसताना घाबरवणं हे आपलं काम नाही. तू मला म्हणालीस, "तुझं काम अहवालापाशी संपतं, माझं नाही संपत." मला ते लागलं. अजून लागतं, कारण मी अहवाल लिहायला बसले होते आणि तू रुमालाने चष्मा पुसत उभी होतीस.

शनिवार-रविवारी तू शिंदखेड्याकडे, नानांच्या गावी गेलीस. नानांच्या मोटरसायकलवर मागे बसून सात-आठ गावं फिरलीस. फिरून आलीस एवढं मला सोमवारी तुझ्या उन्हाने रापलेल्या हातांवरून कळलं, बाकीचं नंतर. मी काही विचारलं नाही, तूही काही सांगितलं नाहीस. बुधवारी साहेबांनी आपल्या दोघींना बोलावलं. स्टार्टर कंपनीचा फोन आला होता. खेड्यांत कोणीतरी बाई त्यांच्या मालाबद्दल शंका पसरवत फिरतेय, असं त्यांना विक्रेत्याने कळवलं होतं.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "रोहिणी, आपल्याकडून कोण गेलं होतं?"

अक्का, मी तो क्षण पुष्कळदा उलटून पाहिला आहे. तू माझ्या डाव्या हाताला बसली होतीस. मी म्हणू शकले असते, मला माहीत नाही. म्हणू शकले असते, मीही सोबत होते. गप्प राहिले असते तर तू स्वतःच सांगितलं असतंस, दोन श्वासांच्या आत, याची मला खात्री आहे. पण मी म्हटलं, "अक्का गेली होती."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू असं पाहिलंस, जसं एखाद्या आकड्याकडे बघायचीस, जो येणार हे माहीत होतं. मग साहेबांना म्हणालीस, "हो, मीच गेले होते. मेन पाडायला सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही."

साहेबांनी तुला काढलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. लेखी माफी मागितली होती. ती तू लिहिली नाहीस, राजीनामा लिहिलास. कोठीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "दाराच्या कडेची तांब्याची पट्टी सैल झालीये, बदलून घे. बाहेरचा सिग्नल आत यायला लागलाय."

हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य.

त्यानंतरचं तुला सांगायचं राहिलं आहे, ते आता सांगते. मोडेम बनवणाऱ्यांनी दोष मान्य केला. त्यांनी सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, स्टार्टरवाल्यांनी त्या रिंगच्या तारेची जोडणी बदलली. दुरुस्त केलेला माल फेरतपासणीला आला. मी एकटी कोठीत बसले आणि तुझेच बिघडवलेले निरोप, तू वहीत लिहिलेल्या क्रमाने, एकेक करून सोडले. मोडेमने ते नाकारले. मी मुद्दाम मोडेमची वीज काढून तो पुन्हा सुरू केला. बल्ब लागला नाही. संध्याकाळपर्यंत मी निरोप सोडत राहिले आणि बल्ब काही लागला नाही.

मला इतका आनंद झाला होता, अक्का. बाहेर येऊन मी तुझा नंबर काढला. लावलाही. एक रिंग गेली असेल, आणि मी फोन बंद केला. आधी माफी मागायची की आधी बल्बचं सांगायचं, हे मला ठरवता येईना. म्हटलं, रविवारी धुळ्याला जाऊनच येऊ. तो रविवार मी कपडे इस्त्री करण्यात घालवला. त्याच्या पुढचा रविवार यायच्या आत नानांचा फोन आला. तुझ्या फोनवर माझा तो एक चुकलेला कॉल दिसला असेल. तू उलट फोन केला नाहीस, यावरून मी काय समजायचं, हे मी कुणाला विचारू?

आणि खरं सांगायचं तर मी अजूनही तुझ्याशी भांडते. मी अजूनही म्हणते, की सगळ्यांनी तुझ्यासारखं केलं तर उद्या कोणी भला माणूस हातात अर्धी माहिती घेऊन गावंच्या गावं घाबरवील. करार, मुदत, गुप्तता, हे सगळं माणसांच्या भल्यासाठीच आहे, असं मी अजून मानते. एवढंच, की तुझा मेन पाडण्याचा निरोप त्या नियमांच्या आत कुठेतरी बसवता आला असता. मी साहेबांकडे जाऊन तो बसवून घ्यायला हवा होता. तू वाट काढली होतीस. मी अहवाल लिहीत बसले.

तुझ्या बाराव्याला मी नानांच्या गावी गेले. माणसं बसलेली होती, कुणी मला ओळखत नव्हतं. नानांनी मला पाहिलं आणि उठून आले. मला वाटलं आता हे विचारतील. तुझं नाव साहेबांना कोणी सांगितलं, हे त्यांना माहीत असणार असं मी धरून चालले होते. पानं उठल्यावर ते म्हणाले, "चाल, मळामा जाई येऊत." आम्ही चालत विहिरीपर्यंत गेलो. पंप बंद होता. नानांनी आधी खांबावरचा मेन पाडला, मग पेटीपाशी आले. मला दाखवायला म्हणून केलं असावं, असं वाटलं. पण नाही, हात सवयीने गेला होता.

पेटीचं झाकण त्यांनी उघडलं. आतल्या बाजूला निळ्या रंगाने, ब्रशने, तुझ्या त्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं: मेन पाडा. खाली: अडचण आली तर रोहिणी, जळगाव. आणि माझा नंबर.

"हे कधी लिहिलं तिने?"

"नोकरी सोडी तव्हयनंतर. बठ्ठी गावेसमा फिरनी पुन्हा. जेन्हा जेन्हाकडे हाऊ स्टार्टर शे, त्यासना पेटीमा लिखं."

"नाना, ती माझ्याबद्दल काही बोलली होती का?"

ते आठवत राहिले. मी पेटीला हात टेकून उभी होते.

"मी इचारं तिले, आते तू तठे नही, मंग रोहिणीना नंबर कसाले? तर म्हने, ती पक्की शे. खात्री व्हई तव्हयच बोलस."

याच्या पलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं. साहेबांच्या खोलीतलं तू त्यांना सांगितलंच नव्हतंस. मी सांगितलं. तिथेच, विहिरीवर उभं राहून, सगळं सांगितलं. नाना ऐकत होते. मग त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "ती मोठी व्हती. तिले समजेल व्हतं." परतताना वाटेत त्यांनी मला कापसाची बोंडं दाखवली, पाणी किती खोल गेलंय ते सांगितलं, आणि मी हुंकार देत चालत राहिले.

आता फोन येतात, अक्का. अनोळखी नंबर असतात. कुणी विचारतं नवी पेटी कुठे बदलून मिळेल, कुणी विचारतं सिम काढून ठेवलं तर चालेल का. मी वहीत गावाचं नाव लिहिते, स्टार्टरवाल्यांना कळवते, आणि कधी कधी शनिवारी बसने जाऊनही येते. साहेबांना विचारून जाते. त्यांनी पहिल्यांदा थोडा वेळ घेतला, मग हो म्हणाले.

काल दुपारी असाच एक फोन आला. म्हातारा आवाज, मागे शेळ्या ओरडत होत्या. त्यांची अडचण साधीच होती, पेटीपाशी गेलात की पुन्हा फोन करा, सांगते, म्हटलं. ठेवता ठेवता म्हणाले, "अक्कानी सांगेल व्हतं, तू बराबर सांगशी. अक्का कशी शे? तिना फोन लागत नही."

मी कोठीबाहेर जिन्यात होते. सांगितलं. दोन महिने झाले, म्हटलं, धुळ्याला घरीच.

 त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. शेळ्यांचा आवाज येत राहिला, मग कुणीतरी त्यांना हाकललं. शेवटी ते म्हणाले, "तू रडू नको, माय. तू जेवनी का?"

मी म्हटलं, अजून नाही.

"जेवी ले," ते म्हणाले. "मंग मी पेटी खोलस, आनि तू सांग, पहिले काय करू."

— तुझी, रोहिणी